घरचे दप्तर आणि यंत्राची तपासणी

जुन्या वस्तूस नवा उपयोग लाभावा, ही गोष्ट कोणत्याही काटकसरी कुटुंबास आनंद देणारीच असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीस दिला जाणारा सर्वसाधारण आधार थांबविला. ज्या घरांतील संगणक पुढील प्रणालीस चालण्याजोगे नव्हते, त्या घरांपुढे असा प्रश्न उभा राहिला, की धडधाकट चालणारे हे यंत्र आता मोडीत काढावयाचे की काय? अशा वेळी लिनक्स ही प्रणाली उपयोगी पडते. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला आणि जगभरच्या जाणकारांनी ती वाढविली. ती विनामूल्य मिळते व जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालते. आमच्या हैदराबादेत ‘स्वेच्छा’ या संस्थेने हीच प्रणाली तेलुगू भाषेतून वापरता यावी म्हणून श्रम केले आहेत. वरच्या वर्गांतील विद्यार्थी पेनड्राइव्हच्या साहाय्याने घरच्या संगणकावर लिनक्स बसवू लागले आहेत, याचे आम्हांस कौतुकच वाटते.

परंतु कौतुकाबरोबर एक काळजीही वाटते, आणि ती या पानांतून विद्यार्थी व पालक या दोघांपुढेही मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. जुन्या यंत्रावर नवी प्रणाली बसली, तरी आतील हार्डडिस्क जुनीच राहते. आणि घरातील जे सर्वांत मोलाचे, ते नेमके तिच्यावरच साठविलेले असते.

हैदराबादेतील मराठी कुटुंबांच्या संगणकांत काय असते, याचा क्षणभर विचार करावा. आजोबांनी मोडीत लिहिलेल्या कागदांची छायाचित्रे, आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या, मुंजी-लग्नांचे फोटो, मराठवाड्यातील मूळ गावच्या जमिनीचे उतारे, वडिलांनी टंकून ठेवलेल्या आठवणी, मुलांचे शाळेतील निबंध. पुण्यामुंबईकडे अशा वस्तू जतन करणारी मंडळे, वाचनालये व वृत्तपत्रे पुष्कळ आहेत. आपण येथे संख्येने थोडे आहो. तीन-चार पिढ्या या शहरात नांदलेल्या एखाद्या घराची मराठी, तिच्यातील दख्खनी व तेलुगू शब्दांसह, त्या घराच्या संगणकावाचून अन्यत्र कोठेही नोंदलेली नसणे अगदी संभवनीय आहे. ती पुसली गेली, तर पुन्हा मागावयास जाण्याजोगे दुसरे दार नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ यंत्राचा नव्हे. तो घरच्या दप्तराचा आहे.

हे दप्तर यंत्रात कसे राहते, ते प्रथम समजून घेऊ. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तेव्हा आमच्या ओळखीच्या वाचनालयाचाच दाखला घेतो. वाचनालयात पुस्तके फडताळांत असतात आणि कोणते पुस्तक कोठे आहे, याची नोंद सूचीत असते. हार्डडिस्कवरही तसेच असते. फायलीतील मजकूर लहान लहान ठोकळ्यांत ठेवलेला असतो. कोणत्या फायलीचे ठोकळे कोठे आहेत, कोणते ठोकळे मोकळे आहेत, कोणती फाइल कोणत्या फोल्डरात आहे, यांच्या नोंदी वेगळ्या ठेवलेल्या असतात. या सर्व व्यवस्थेस फाइलसिस्टिम म्हणतात. आता ग्रंथपाल एक पुस्तक फडताळात ठेवून सूचीत नोंद करावयास वळला, आणि नेमके त्याच क्षणी दिवे गेले, तर काय होईल? पुस्तक आहे पण नोंद नाही. किंवा नोंद आहे पण पुस्तक नाही. उन्हाळ्यातील वळिवाच्या पावसात वीज गेली, इन्व्हर्टर नसला, किंवा कोणी उतावीळ मुलाने बटण दाबून यंत्र बंद केले, म्हणजे संगणकात हाच घोटाळा होतो.

हा घोटाळा शोधून दुरुस्त करणारा एक कार्यक्रम आहे. ‘फाइल सिस्टिम चेक’ या शब्दांवरून त्यास ‘एफएससीके’ असे आखूड नाव पडले. लिनक्सच्या पूर्वीची जी युनिक्स प्रणाली, तिच्यासाठी टी. जे. कोवाल्स्की यांनी १९७० च्या दशकात तो प्रथम लिहिला. लिनक्समध्ये घरोघर आढळणाऱ्या ‘एक्स्ट’ घराण्याच्या फाइलसिस्टिमसाठी त्याचा जो अवतार आहे, तो पाच फेऱ्यांत काम करतो. पहिल्या फेरीत प्रत्येक फायलीची नोंद व तिचे ठोकळे तो पाहतो. दुसऱ्या फेरीत फोल्डरांची रचना पाहतो. तिसऱ्या फेरीत प्रत्येक फोल्डर मुळाशी जोडलेला आहे की नाही, हे पडताळतो. चौथ्या फेरीत एका फायलीस किती नावे आहेत त्यांची मोजदाद करतो, आणि पाचव्या फेरीत मोकळ्या व भरलेल्या जागेचा ताळेबंद जुळवितो. ज्या फायलीचे नावगाव सापडत नाही, ती तो ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरात आणून ठेवतो. जत्रेत हरवलेली मुले चौकीवर आणून बसवावीत, तद्वत.

पूर्वी ही तपासणी ठरावीक काळाने आपोआप होत असे. संगणक साधारण वीस ते चाळीस वेळा सुरू केला, किंवा १८० दिवस उलटले, म्हणजे पुढच्या वेळी सुरू होताना यंत्र प्रथम तपासणीस बसे. ती कित्येकदा अर्धा अर्धा तास चाले. मुलाचा गृहपाठ अडे, वडिलांचे कार्यालयीन पत्र अडे, आणि घरात कुरकुर होई. पुढे २००१ साली ‘एक्स्ट-३’ व २००८ साली ‘एक्स्ट-४’ आली. त्यांत एक नवी सोय होती. व्यापारी खतावणीत उतरविण्यापूर्वी व्यवहार रोजकीर्दीत मांडतो, त्याप्रमाणे ही फाइलसिस्टिम आपल्या नोंदींतील फेरफार आधी एका रोजकीर्दीत लिहिते व मग जागोजाग उतरविते. मध्येच वीज गेली, तर पुढच्या वेळी तेवढी रोजकीर्द वाचून काही क्षणांत मेळ घातला जातो. सबंध तपासणीची गरज राहत नाही.

या सोयीमुळे, आणि डिस्का फार मोठ्या होऊन तपासणीस वेळ लागू लागल्यामुळे, या साधनांच्या कर्त्यांनी २०११ अखेरच्या आवृत्तीपासून नव्याने तयार होणाऱ्या फाइलसिस्टिमवर ही ठरावीक काळाची तपासणी मुळातच बंद ठेवली. फाइलसिस्टिम नीट बंद झाली नाही, किंवा तिच्यात दोष असल्याची खूण आधीच पडलेली असली, तर आजही यंत्र सुरू होताना तिच्याकडे लक्ष दिले जाते. मात्र वरकरणी सारे सुरळीत असेल, तर वर्षानुवर्षे संपूर्ण तपासणी होत नाही. आणि बहुतेक घरांत ही गोष्ट कोणास ठाऊकही नसते.

हा निर्णय चुकीचा होता, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या कचेरीत शेकडो यंत्रे रात्रंदिवस चालतात आणि ज्यांवर देखरेख ठेवण्यास पगारी माणूस असतो, तेथे भलत्या वेळी सुरू होणारी तपासणी हे संकटच होते. परंतु घरच्या यंत्रावर देखरेख ठेवणारा कोण? तेथे असा माणूस नसतो. शिवाय रोजकीर्द वीज जाण्यापुरते रक्षण करते. सदोष डिस्क, सैल झालेली तार, बिघडलेली स्मृती किंवा प्रणालीतीलच एखादा दोष यांमुळे नोंदी बिघडल्या, तर त्याची खूण पडतेच असे नाही. हा इशारा त्या साधनांच्या माहितीपत्रकात कर्त्यांनीच देऊन ठेवला आहे. नव्या यंत्रापेक्षा जुन्या यंत्रात हे दोष अधिक संभवतात, हे सांगणे नकोच. यास्तव आमचे मत असे, की घरच्या जुन्या संगणकावर ही तपासणी पुन्हा चालू करावी. ‘ट्यून-टू-एफएस’ या साधनाने, दर तीस वेळा सुरू केल्यावर किंवा दर सहा महिन्यांनी, असा नेम घालून देता येतो. दुसरी एखादी डिस्क हाताने जोडली असेल, तर ‘एफएसटॅब’ या यादीत तिच्या ओळीचा शेवटचा आकडा पाहावा. तेथे शून्य असेल, तर ती डिस्क आरंभीच्या तपासणीतून वगळली जाते. मूळ डिस्केस एक व इतरांस दोन हा रिवाज आहे. ‘बीटीआरएफएस’ सारख्या वेगळ्या फाइलसिस्टिम वापरणारांची रीत वेगळी असते. त्यांनी आपापली रीत समजून घ्यावी.

मात्र एवढ्यावर थांबलो, तर आम्ही वाचकांच्या मनात एक घातक समजूत रुजविली असे होईल. तपासणी झाली म्हणजे दप्तर सुरक्षित झाले, ही ती समजूत होय.

आम्ही रोज वर्गात हजेरी घेतो. हजेरीपटावर नाव आहे आणि बाकावर विद्यार्थी आहे, एवढे हजेरीने कळते. त्याने धडा वाचला आहे की नाही, हे हजेरी सांगू शकत नाही. यंत्राची ही तपासणी म्हणजे हजेरीच होय. नोंदी परस्परांशी जुळतात की नाही, इतकेच ती पाहते. आजीच्या ओव्यांच्या फायलीत ओव्याच आहेत की निरर्थक खरखर भरली आहे, हे तिला कळत नाही आणि कळावे अशी तिची योजनाही नाही. रोजकीर्दीतसुद्धा सर्वसाधारण रीतीने नोंदींचेच फेरफार उतरतात, फायलीतील मजकूर उतरत नाही. आणखी असे, की तपासणीचे ध्येय फाइलसिस्टिम पुन्हा सुसंगत करणे हे आहे. त्यासाठी एखादी न जुळणारी नोंद पुसून टाकावी लागली, तर ती पुसून टाकते. सूची स्वच्छ होते. परंतु पुस्तक गेलेले असते.

मजकुराची तपासणी ही निराळीच गोष्ट आहे, आणि तिचे थोर उदाहरण आपल्या जवळच घडले आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढे सुमारे तीनशे वर्षांत नकला करणारांच्या हातून तिच्यात पाठभेद व अपपाठ शिरले. तेव्हा पैठणचे एकनाथमहाराज यांनी प्रती मिळवून, ताडून, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचे शुद्ध संस्करण केले. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेले हे पैठण आपणांस परके नाही. या कार्यातून एक गोष्ट ध्यानात येते. नाथमहाराजांची विद्वत्ता व भक्ती कितीही थोर असली, तरी ताडून पाहण्यास प्रती होत्या, म्हणूनच ताडणे शक्य झाले. जेथे एकच प्रत असते, तेथे ती बिघडली आहे हेसुद्धा कळण्यास मार्ग नसतो.

आमची घरची बोली कोंकणी. म्हणून दुसरे उदाहरण गोव्याकडचे देतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य साष्टीतील राशोल येथे १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. एखादा ग्रंथ तीनदा छापला गेला म्हणजे तो अमर झाला, असेच कोणासही वाटेल. परंतु त्या तीनही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तरला, तो दूरदूरच्या ठिकाणी भाविकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या नकलांमुळे. अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित तर लंडनमध्ये सुरक्षित राहिले. मूळ प्रत कितीही भक्कम असो. ग्रंथ तरतो तो निरनिराळ्या ठिकाणी असलेल्या प्रतींमुळे, हा बोध स्पष्ट आहे.

निरनिराळ्या ठिकाणी या शब्दांवर आम्ही मुद्दाम भर देतो. हैदराबादकरांस त्याचे कारण सांगावयास नको. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीस आलेल्या पुराने या शहराची वाताहत केली. त्यानंतर विश्वेश्वरय्या यांच्यासारख्या अभियंत्याचा सल्ला घेऊन १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर हे जलाशय पुरे झाले. असे असूनही १३ व १४ ऑक्टोबर २०२० रोजी झालेल्या अतिवृष्टीत शहरातील कितीतरी वस्त्यांत घरांत पाणी शिरले. संगणक आणि त्याची दुसरी प्रत एकाच टेबलाच्या खणात असतील, तर असे पाणी दोहोंचाही घास एकदमच घेईल. चोर आला तर तोही दोन्ही नेईल.

म्हणून आम्ही सुचवितो ते इतकेच. घरातील मोलाच्या फायलींची मूळ प्रत सोडून आणखी दोन प्रती असाव्यात. एक घरातच, वेगळ्या हार्डडिस्कवर; ती नकलेचे काम झाले की संगणकापासून सोडवून ठेवावी. दुसरी अन्यत्र; काकांच्या घरी, मामांच्या गावी, किंवा इंटरनेटवरील साठवणीत. महिन्यातील एक रविवार त्यासाठी नेमावा. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुटीत म्हणा, त्या प्रतींतील काही फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. जी प्रत उघडून पाहिली नाही, ती आहे असे धरून चालणे धोक्याचे असते.

येथे दोनतीन गैरसमज दूर करणे अवश्य आहे. लिनक्स मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ नावाची सोय असते आणि ती चालू असली म्हणजे सर्व काही राखले जाते, असे पुष्कळांस वाटते. ती सोय प्रणाली पूर्ववत करण्यासाठी आहे. घरच्या मंडळींच्या फायली ती सामान्यतः वगळते. त्यांसाठी वेगळे साधन वापरावे लागते. दुसरे असे, की दोन ठिकाणच्या फायली सतत एकसारख्या ठेवणारी सोय म्हणजे राखण नव्हे. येथे चुकून पुसलेली फाइल ती तेथेही तत्परतेने पुसते. आणि तिसरे, डिस्क बिघडू लागल्याची शंका येताच तपासणी चालवू नये. दुरुस्ती मागाहून; प्रथम मोलाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. दुरुस्ती करताना ती डिस्क वापरात असता कामा नये. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून ती करावी. पडद्यावर आलेल्या प्रत्येक प्रश्नास न वाचता ‘होय’ म्हणणे हे परीक्षेत प्रश्न न वाचता उत्तर लिहिण्यासारखेच आहे.

कोणी म्हणेल, की एवढा खटाटोप कशाला? डिस्केस पैसे पडतात, रविवार मोडतो, आणि आजवर काही झाले नाही. पैसे पडतात हे खरे. ज्यास दोन डिस्का परवडत नाहीत, त्याने निदान सर्वांत मोलाच्या फायली एका पेनड्राइव्हवर घालून आप्तांकडे ठेवाव्यात. त्याने पुष्कळ साधते. परंतु आजवर काही झाले नाही, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. २७ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीच्या काठावर राहणाराही तो करू शकला असता.

विद्यार्थिमित्रहो, शेवटचे सांगणे तुम्हांस आहे. घरात लिनक्स तुम्ही बसविता, तेव्हा त्याचा मान तुम्हांस मिळतो. त्या मानाबरोबर एक जबाबदारीही येते. जुन्या काळी प्रत्येक मोठ्या घरी एक दप्तरदार असे. कागद कोठे आहेत, कोणत्यास वाळवी लागू पाहत आहे, कोणाची नक्कल करून ठेवली पाहिजे, हे तो जाणत असे. आज ते काम घरातील सर्वांत वडील माणसास जमेलच असे नाही. ते चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींकडे आले आहे. यंत्र तपासणीसाठी थांबले, तर घरच्यांस त्याचे कारण समजावून सांगा व मध्येच बटण दाबू देऊ नका. तपासणी निर्विघ्न पार पडली, तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. आणि प्रणाली बसविण्यास हात घालण्यापूर्वी, नंतर नव्हे, आजीस विचारा, की या यंत्रात तुमचे काय काय आहे. ती जे सांगेल, त्याची यादी करा आणि पहिली नक्कल त्याची घ्या.